उंदीर पडले, गाव उठले

‘उंदीर पडायला लागले’ एवढे म्हटले, की कृष्णाकाठच्या गावांत पुढचे कुणाला सांगावे लागत नसे. कणगीच्या आडून, आढ्यावरून उंदीर भर दिवसा बाहेर यायचे, झिंगल्यासारखे चार पावले चालायचे आणि पडायचे. काही दिवसांत माणसांना ताप भरायचा, काखेत किंवा जांघेत गाठ यायची. गाठ दिसली की घरच्यांचा धीर सुटायचा. म्हणून शहाणी गावे गाठीची वाट पाहत बसत नसत. भांडीकुंडी, ज्वारीची पोती, गुरेढोरे आणि देवघरातले टाक घेऊन गाव उठायचे आणि माळावर, मळ्यात खोपी घालून राहायचे.

याच पट्ट्यातले पलूस त्या काळी सातारा जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात होते. शेजारचे कुंडल औंध संस्थानात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या वर्षापासून तो दख्खनच्या या भागात शिरला. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सव्वाबारा लाखांच्या घरात होती. १९०१ च्या शिरगणतीत ती साडेअकरा लाखांच्या आत आली आणि १९११ मध्ये आणखी उतरली. दुष्काळ आणि प्लेग असे दोघे मिळून आले होते. साऱ्या हिंदुस्थानात पुढच्या तीन दशकांत प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

एवढे मरण समोर असताना माणसाने देवाला काय विचारले आणि देवाच्या माणसांनी त्याला काय सांगितले, हा या लेखाचा विषय. प्रश्न जुना आहे. १३४७ ते १३५१ या वर्षांत युरोप आणि अरब जगावर आलेल्या काळ्या मृत्यूच्या वेळी ख्रिस्ती आणि मुसलमान धर्मपंडितांनी त्यावर रकानेच्या रकाने लिहिले. ते वाचताना कृष्णाकाठच्या माणसाला पुष्कळ गोष्टी ओळखीच्या वाटतात. गाव सोडावे की राहावे? देवापुढे सगळ्यांनी जमावे की घरात बसावे? आणि हे कुणाच्या पापाने आले? धर्म बदलला, भाषा बदलली, पण या तीन प्रश्नांपाशी सगळे येऊन थांबले. ‘ख्रिस्ती असे वागले, मुसलमान तसे वागले, हिंदू असे’ ही वाटणी फार कामाची नाही. खरी भांडणे प्रत्येक धर्माच्या आतच झाली.

आधी उंदराचेच पाहू. त्याला देवाधर्माच्या कथेत फार जुनी जागा आहे. बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात पलिष्टी लोक इस्राएलांचा पवित्र कोश पळवून आणतात आणि त्यांच्या गावांत गाठींचा रोग उठतो. त्यांचे पुजारी तोडगा सांगतात: सोन्याच्या पाच गाठी आणि सोन्याचे पाच उंदीर घडवा, नव्या गाड्यावर कोशासोबत ठेवा, गाड्याला दुभत्या गाई जुंपा आणि त्याला शिवेपलीकडे जाऊ द्या. हे वाचताना सांगली-साताऱ्याच्या माणसाला मरीआईचा गाडा आठवल्याशिवाय राहत नाही. पटकी असो, गाठ असो, मरीआईला साडी-चोळी, खण, बांगड्या, निवद देऊन, हलगीच्या तालावर तिचा गाडा गावाच्या शिवेपर्यंत न्यायचा आणि तिला वाटेला लावायचे, ही इथली रीत होती. पलीकडच्या गावाने तो पुढच्या शिवेवर पोचवायचा. गाडा आपल्या हद्दीत अडकू नये म्हणून गावे सावध असत. रोग हा येणारा-जाणारा पाहुणा आहे, त्याला मान देऊन निरोप द्यावा, ही समजूत त्यामागे होती. या पट्ट्यातल्या बहुतेक गावांत मरीआईचे ठाणे वस्तीच्या कडेला असते: शेंदराचा तांदळा, शेजारी लिंबाचे झाड, पुढे हिरव्या बांगड्यांचा सडा. दक्षिणेत तर प्लेगच्या नावानेच देवी उभ्या राहिल्या. बेंगळुरूत प्लेगम्मा आहे, कोइमतूरला प्लेग मारिअम्मन.

उंदराचे सगळ्यांत जवळून केलेले वर्णन मात्र एका स्त्रीचे आहे. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत आग्र्याच्या प्लेगच्या वेळी आसफखानाच्या मुलीने सांगितलेली हकीकत नोंदवली आहे. तिच्या अंगणात एक उंदीर दारुड्यासारखा धडपडत आला. तिने दासीला सांगून त्याला शेपटीला धरून मांजरापुढे टाकायला लावले. मांजराने झडप घातली आणि लगेच तोंडातून सोडून दिला. दुसऱ्या दिवशी मांजर मरायला टेकले, त्याची जीभ आणि टाळू काळी पडली. मग एका दासीला ताप, मग गाठ. आठ-नऊ दिवसांत त्या घरातली सतरा माणसे गेली. शेवटी पाणी मागणाऱ्या आजाऱ्याला पाणी द्यायलाही कुणी पुढे होईना, आणि ते कुटुंब घर सोडून बागेत राहायला गेले. ही गोष्ट १६१८-१९ च्या सुमाराची. प्रयोगशाळा नव्हती, सूक्ष्मदर्शक नव्हता. पण उंदीर, मांजर, माणूस हा क्रम त्या बाईने डोळ्यांनी पाहून अचूक सांगितला होता.

दख्खनलाही हा रोग त्याच शतकापासून ठाऊक आहे. पलूसचा सारा मुलूख ज्या आदिलशाहीत होता, ती औरंगजेबाने १६८६ मध्ये बुडवली आणि दोनच वर्षांत विजापुरात त्याच्या छावणीत प्लेग फुटला. इतिहासकार खाफीखानाने काखेतल्या, जांघेतल्या गाठी आणि तीव्र ताप यांचे वर्णन केले आहे. बादशहाची बेगम औरंगाबादी महल त्यात गेली. सरदार फिरोजजंग वाचला, पण त्याचे डोळे गेले.

आता पहिला प्रश्न: राहावे की जावे?

मुसलमानांपुढे याचे एक ठरलेले उत्तर होते. पैगंबरांची म्हणून सांगितली जाणारी शिकवण अशी की प्लेग असलेल्या गावात शिरू नका आणि आपण ज्या गावात आहोत तिथे तो आला तर पळून जाऊ नका. आणि प्लेगने मेलेला श्रद्धावान हुतात्मा होय. पण या उत्तराभोवतीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. इ.स. ६३९ च्या सुमारास खलिफा उमर सीरियाकडे निघाले होते. वाटेत सर्ग इथे कळले की पुढे प्लेग आहे. ते परत फिरले, तेव्हा सेनापती अबू उबैदा यांनी विचारले की हे अल्लाच्या इच्छेपासून पळणे नव्हे का. उमरांनी उत्तर दिले की आपण त्याच्या एका इच्छेकडून त्याच्याच दुसऱ्या इच्छेकडे जात आहोत, आणि मेंढपाळाचा दाखला दिला. दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल, तर तू उंट कुठे चारशील? कुठेही चारलेस तरी ती त्याचीच इच्छा. खानापूर-आटपाडीच्या धनगराला हा दाखला समजावून सांगावा लागणार नाही. उमर परतले. अबू उबैदा आपल्या सैन्यासोबत राहिले. उमरांनी पत्र पाठवून त्यांना बाहेर बोलावले, तरी माणसे सोडून ते निघाले नाहीत, आणि त्याच साथीत वारले. एकाच श्रद्धेची दोन माणसे, दोन निर्णय. आणि परंपरेने दोघांनाही थोर मानले.

मायकेल डॉल्स या इतिहासकाराने १९७७ मध्ये मध्यपूर्वेतल्या काळ्या मृत्यूवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे साधारण असे: मुसलमानांनी प्लेगला दया आणि हौतात्म्य मानले, पळू नये म्हटले, रोग एकाचा दुसऱ्याला लागतो हे नाकारले, ख्रिस्त्यांनी मात्र त्याला पापाची शिक्षा मानले आणि अपराधाच्या भावनेने स्वतःलाही, दुसऱ्यालाही झोडपले. ही मांडणी पुष्कळ वर्षे चालली. तिच्यात तथ्य आहे, पण ती फार सरळ आहे. ग्रॅनाडाचा वजीर आणि वैद्य इब्न अल-खतीब याने चौदाव्या शतकातच ठणकावून लिहिले की रोग लागतो हे अनुभवाने आणि डोळ्यांनी सिद्ध झाले आहे, आणि डोळ्यांना दिसते त्याच्याविरुद्ध वचन असेल तर वचनाचा अर्थ नव्याने लावला पाहिजे. जस्टिन स्टर्न्स यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की संसर्गाविषयी मतभेद दोन्ही धर्मांत होते आणि धर्मशास्त्र हे त्या वादाचे मैदान होते.

उलट ख्रिस्ती पंडितही सगळे पापाच्याच मागे लागले नव्हते. पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यक शाखेने ऑक्टोबर १३४८ मध्ये राजाला अहवाल दिला, त्यात मूळ कारण म्हणून मार्च १३४५ मध्ये कुंभ राशीत झालेली शनी, गुरू आणि मंगळ यांची युती दाखवली होती. आपल्याकडे चरकसंहितेत ‘जनपदोद्ध्वंस’ नावाचा अध्याय आहे. वारा, पाणी, भूमी आणि काळ बिघडले की साऱ्या मुलखावर एकच रोग येतो आणि त्या बिघाडाच्या मुळाशी अधर्म असतो, असे तिथे सांगितले आहे. हवा बिघडली हे आणि माणूस बिघडला हेही, दोन्ही एकाच वाक्यात बसवणारे असे लोक सगळीकडे होते.

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याने मात्र शास्त्रार्थ न करता गाव सोडले, आणि त्याचे ते पाऊल बरोबर होते. प्लेग उंदरावरच्या पिसवांतून माणसाला होतो हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले, तरी ते मान्य व्हायला आणखी दहा वर्षे गेली. मेलेला उंदीर, त्याच्या पिसवा आणि घर मागे टाकून माळावर गेलेला माणूस आजाराच्या मुळापासूनच दूर जात होता. देव मात्र मागे टाकला नव्हता, तो टाकांच्या रूपाने खोपीत आला होता. कोकणातल्या आचऱ्यासारख्या गावांत आजही काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सारे गाव तीन दिवस वेशीबाहेर राहते. त्या गावपळणीचा उगम कशात आहे यावर एकमत नाही. पण गाव रिकामे करणे हेही देवकार्य असू शकते, ही कल्पना मराठी मुलखाला परकी नाही, एवढे त्यातून दिसते.

राहण्याची बाजू मात्र निव्वळ आज्ञापालनाची नव्हती. पॅरिसच्या ओतेल-दिय इस्पितळातल्या जोगिणी मरणाऱ्यांची शुश्रूषा करत एकामागून एक गेल्या आणि त्यांच्या जागी नव्या येत राहिल्या, असे इतिवृत्तकार जाँ द व्हनेत लिहितो. पुण्यात १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले यांनी हेच केले. पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. भट-भिक्षुकांचा धर्म नाकारणाऱ्या सत्यशोधक समाजाच्या त्या आधारस्तंभ होत्या. अबू उबैदा, पॅरिसच्या जोगिणी आणि सावित्रीबाई यांच्या श्रद्धांचे एकमेकींशी काही नाते नाही. ज्याला कुणी शिवत नाही त्याला उचलायचे, हा निर्णय मात्र एकच आहे. या साऱ्या विषयात मान झुकवावी असे हेच एक ठिकाण आहे.

दुसरा प्रश्न जमण्याचा. जुलै १३४८ मध्ये प्रवासी इब्न बतूता दमास्कसमध्ये होता. तिथल्या नायबाने तीन दिवसांचा उपवास जाहीर केला, बाजारात दिवसा अन्न शिजवायला मनाई केली. गुरुवारी रात्री उमय्या मशिदीत अमीर, काजी, फकीर सगळे जमले आणि रात्रभर प्रार्थना झाली. पहाटे सगळे पायी निघाले, हातांत कुराण, अमीरसुद्धा अनवाणी. ज्यू आपला तोरा घेऊन आले, ख्रिस्ती शुभवर्तमान घेऊन आले, बायका आणि मुले आली. रडत, विनवत हा सारा जमाव शहराबाहेरच्या पदचिन्हांच्या मशिदीपर्यंत गेला आणि दुपारी परतला. मध्ययुगातली इतकी उदार दृश्ये फार थोडी सापडतील.

पण त्याच परंपरेतला कैरोचा थोर पंडित इब्न हजर अल-अस्कलानी याला असे जमणे पटले नाही. त्याने लिहिले आहे की हिजरी ८३३ मध्ये, म्हणजे १४३० मध्ये, कैरोचे लोक प्रार्थनेसाठी वाळवंटात जमले. जमण्याआधी रोज मरणाऱ्यांची संख्या चाळीसच्या आत होती, नंतर ती हजाराच्या वर गेली. इब्न हजर हा कोरडा शास्त्री नव्हता. त्याच्या तीन मुली प्लेगने गेल्या होत्या. प्लेगवरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ त्या दुःखाच्या सावलीतच पुरा झाला. दुःखातही त्याने आकडे मोजले आणि जे दिसले ते लिहून ठेवले.

हा वाद महाराष्ट्रात पोचला तो सरकारी हुकमाच्या रूपाने. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने जत्रा-यात्रा बंद करण्याचे, रेल्वेतल्या उतारूंना तपासण्याचे अधिकार सरकारला दिले. त्याच वर्षी हिंदी बंदरांतून हजला जाणारी जहाजेही थांबवली. वारकरी आणि हाजी दोघांनाही एकाच वेळी घरी बसायला सांगितले गेले. त्यातही सक्ती कशी झाली, यावर सगळे अवलंबून होते. पुण्यात मार्चपासून गोरे सोल्जर बुटांसकट स्वयंपाकघरात, देवघरात शिरले, बायकांची तपासणी झाली. २२ जूनच्या रात्री प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली, तेव्हा त्यामागे रोगाची भीती कमी आणि देवघराच्या विटंबनेचा संताप अधिक होता. पुढच्या वर्षी ९ मार्चला मुंबईत जुलाहा मुसलमानांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासण्यावरून दंगल पेटली आणि गोळीबार झाला. पडदा आणि सोवळे, शब्द दोन, पण घराच्या आतल्या जागेची इभ्रत ही गोष्ट एकच.

सोवळे आणि इभ्रत सांभाळून उपचार करता येतात, हेही त्याच वेळी सिद्ध झाले. लोकमान्य टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी प्लेग इस्पितळ उभे केले आणि शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना ‘केसरी’तून सुनावले. पुढे १९०३ मध्ये त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनेच गेला. मुंबईत वाल्देमार हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. आगाखान तिसरे यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेऊन आपल्या खोजा अनुयायांना धीर दिला आणि हाफकिनला प्रयोगशाळेसाठी आपली हवेली दिली. मिरजेत तर डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन इस्पितळ १८९४ पासूनच चालू होते. मिरज मीरासाहेबांच्या दर्ग्याचे गाव. तिथे नवस, ताईत आणि औषधाची बाटली एकाच दिवशी मिळण्याची सोय झाली होती.

तिसरा प्रश्न दोषाचा, आणि तो सगळ्यांत काळा आहे. ज्यूंनी विहिरींत विष टाकले अशी आवई युरोपभर उठली. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळले, आणि तोपर्यंत त्या शहरात प्लेग आलाही नव्हता. पोप सहावा क्लेमेंट याने मात्र फर्मान काढून बजावले होते की ज्यूही याच रोगाने मरत आहेत आणि ज्यू नाहीत तिथेही हा रोग आहे. साधा, सरळ युक्तिवाद. तो ऐकला गेला नाही. त्याच वर्षी जर्मनीतून आसूड ओढणाऱ्यांचे तांडे फिरत होते: साडेतेहतीस दिवसांचे व्रत, उघडी पाठ, लोखंडी काटे ओवलेले चाबूक. हे पाहून पोतराज आठवतो. लक्ष्मीआईचा पोतराजही हलगीवर आसूड ओढतो. पण तो स्वतःच्या पाठीवर गावाची इडापिडा घेतो आणि त्याबद्दल सुपात जोंधळे मागतो. जर्मन तांडे ज्या गावात पोचले तिथे पुष्कळदा ज्यूंची कत्तल झाली. ऑक्टोबर १३४९ मध्ये पोपने त्यांच्यावर बंदी घातली.

इथेही आवया होत्या. इस्पितळात नेलेल्याच्या अंगातून मोमियाईचे औषधी तेल काढतात, मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचा सूड म्हणून हे चालले आहे, असे लोक बोलत. मात्र इथला संशय प्रामुख्याने सरकारकडे वळला, शेजाऱ्याकडे नाही. त्याची कारणे राजकीय होती आणि त्याचा फार अभिमान धरण्याचे कारण नाही. करोनाच्या पहिल्या लाटेत २०२० मध्ये तबलिगी जमातीला रोग पसरवणारे ठरवले गेले, तेव्हा शेजाऱ्याकडे बोट वळायला वेळ लागला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे नोंदवले. पोपला जे १३४८ मध्ये सांगावे लागले, ते आपल्याकडे न्यायमूर्तींना सांगावे लागले.

जमण्याचा प्रश्नही २०२० मध्ये परत आला. मार्चपासून १६ नोव्हेंबरपर्यंत राज्यातली देवळे, मशिदी, चर्च बंद होती. कृष्णाकाठी औदुंबरला दत्ताची दारे मिटली, पलूसला धोंडीराज महाराजांच्या देवळात शुकशुकाट होता. आषाढीला वारी पायी निघाली नाही. देहू-आळंदीहून तुकोबा आणि ज्ञानोबांच्या पादुका ३० जूनला फुलांनी सजवलेल्या एसटी बसमध्ये ठेवल्या, सोबत मोजके वारकरी, तोंडाला मास्क बांधून, टाळ मांडीवर धरून बसलेले. अडीचशे किलोमीटरची अठरा-वीस दिवसांची वाट त्या बसने काही तासांत संपवली. वाटेतल्या गावांत माणसे रस्त्याच्या कडेला, एकमेकांपासून हातभर अंतर राखून उभी होती, आणि गाडी पुढे गेल्यावर टायरांनी उडवलेली माती उचलून कपाळाला लावत होती.